जनसुरक्षा विधेयक: समितीच्या खोलीत कायदा कसा बदलतो

१८ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्या विधानभवनात मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक मांडलं. विधानसभेत सरकारकडे भक्कम बहुमत होतं, त्यामुळे मनात आणलं असतं तर ते त्याच आठवड्यात मंजूर झालं असतं. तसं झालं नाही. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त चिकित्सा समितीकडे गेलं, साडेसहा महिने तिथे राहिलं, आणि १० जुलै २०२५ ला मुंबईत विधानसभेने ते मंजूर केलं. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेनेही केलं.

नागपूरकरांना अधिवेशन म्हटलं की बंद रस्ते, यशवंत स्टेडियमजवळचे धरणे मंडप आणि मॉरिस कॉलेज टी पॉइंटला अडवलेले मोर्चे आठवतात. वर्तमानपत्रांत सभात्यागाचे आणि घोषणांचे फोटो येतात. या सगळ्यात समितीचं काम कुणाला दिसत नाही. पण विधेयकातला शब्द खरोखर बदलतो तो बहुतेक वेळा समितीच्या खोलीत. आपल्याला त्यात हात घालायची संधीही त्याच काळात असते, म्हणून हे काम नीट समजून घ्यायला हवं.

विधेयक म्हणजे कायद्याचा प्रस्ताव. त्यातल्या तरतुदींना ‘खंड’ म्हणतात. कायदा झाला की त्यांचीच ‘कलमं’ होतात. सभागृहात त्याची तीन वाचनं होतात. पहिल्या वाचनात ते फक्त मांडलं जातं. दुसऱ्यात आधी त्यामागच्या तत्त्वावर चर्चा होते आणि मग एकेक खंड मताला टाकला जातो. तिसऱ्यात संपूर्ण विधेयकावर शेवटचं मत घेतलं जातं. विधानसभेत २८८ आमदार आहेत. चार-पाच तासांच्या चर्चेत खंडाखंडावर बारकाईने बोलणं त्यांना शक्य होत नाही. बोलणारा आपल्या मतदारांसाठी बोलतो, पक्षादेश डोक्यावर असतो आणि शेवटी आवाजी मतदान होतं. म्हणून गुंतागुंतीचं किंवा वादाचं विधेयक निवडक सदस्यांच्या हाती सोपवायची सोय नियमांमध्ये आहे. समिती एकाच सभागृहाची असू शकते, किंवा विधानसभा आणि परिषद मिळून संयुक्त. सदस्य सत्ताधारी आणि विरोधी अशा दोन्ही बाजूंचे घेतले जातात.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण तिच्यावरून बराच गोंधळ झाला. हेच विधेयक जुलै २०२४ मध्ये, एकनाथ शिंदे मुख्यमंत्री असताना, मुंबईच्या पावसाळी अधिवेशनात मांडलेलं होतं. मग डिसेंबरमध्ये पुन्हा का मांडावं लागलं? याचं उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १९६ मध्ये आहे. अधिवेशन संपलं म्हणून प्रलंबित विधेयक रद्द होत नाही. पण विधानसभाच विसर्जित झाली की तिच्यासमोर पडून असलेलं विधेयक संपतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये निवडणूक झाली, नवी विधानसभा आली आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागलं. याच अनुच्छेदामुळे समितीला हिवाळी अधिवेशनापासून पावसाळी अधिवेशनापर्यंत सलग काम करता आलं. मधलं अर्थसंकल्पी अधिवेशन संपलं तरी विधेयक जिवंत राहिलं.

आता समितीच्या खोलीत जाऊ. जनसुरक्षा समितीचे अध्यक्ष होते महसूलमंत्री आणि कामठीचे आमदार चंद्रशेखर बावनकुळे. अशा बैठका बंद दाराआड होतात, पत्रकारांना आत प्रवेश नसतो. गृह विभागाचे अधिकारी समोर बसतात आणि प्रत्येक खंड का हवा ते सांगतात. विधी व न्याय विभागाचे मसुदाकार जवळ असतात, कारण एखादा शब्द बदलला की तो इतर कुठल्या खंडांना धक्का देईल हे त्यांनाच कळतं. आमदार प्रश्न विचारतात. कॅमेरा नसल्यामुळे इथे विरोधी आमदार चांगल्या खंडाला चांगलं म्हणू शकतो आणि सत्ताधारी आमदार स्वतःच्या सरकारच्या खंडाबद्दल शंका काढू शकतो. बंद दाराचा हा फायदा मी मानतो. पण त्याची किंमतही आहे: कोणी काय मुद्दा मांडला आणि तो का फेटाळला गेला, हे बाहेरच्या माणसाला कळत नाही. बाहेर येतो तो फक्त अहवाल. एखाद्या सदस्याला बहुमताचा निष्कर्ष पटला नाही तर तो आपली भिन्नमतपत्रिका अहवालाला जोडू शकतो. मतभेदाची लेखी नोंद म्हणून तेवढाच कागद उरतो, त्यामुळे त्याला फार महत्त्व आहे. जनसुरक्षा विधेयकाच्या बाबतीत समितीतल्या कोणत्याही सदस्याने भिन्नमत नोंदवलं नाही, असं मुख्यमंत्र्यांनी सांगितलं. नंतर विधानसभेत मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे आमदार विनोद निकोले यांनी विधेयकाला विरोध केला, तर विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला. ज्यांना आक्षेप होता त्यांनी तो समितीतच कागदावर आणायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. सभात्याग दुसऱ्या दिवशीच्या बातमीत येतो आणि विसरला जातो. भिन्नमतपत्रिका अहवालासोबत कायमची राहते आणि पुढे कायद्याचा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला ती वाचावी लागते.

विधेयकात होतं तरी काय? सरकारचं म्हणणं असं, की नक्षलवाद जंगलापुरता राहिलेला नाही, शहरांतल्या काही संघटना त्याला आसरा आणि पैसा पुरवतात, आणि छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश, ओडिशा या राज्यांसारखा कायदा महाराष्ट्रात नाही. विदर्भातल्या माणसाला या म्हणण्यामागची वेदना परकी नाही. १ मे २०१९ ला गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. विधेयकाने सरकारला एखादी संघटना बेकायदेशीर जाहीर करण्याचा अधिकार दिला. अशा संघटनेच्या सदस्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि ३ लाखांपर्यंत दंड, सदस्य नसताना तिला मदत करणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद, आणि प्रत्यक्ष बेकायदेशीर कृत्य करणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि ५ लाखांपर्यंत दंड. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र.

समितीने सूचना मागवल्या तेव्हा सुमारे साडेबारा हजार आल्या. अहवालानंतर जे मोठे बदल समोर आले ते तीन. पहिला बदल विधेयकाच्या नावाखालच्या ओळीत आणि प्रस्तावनेत झाला. मूळ मसुद्यात ‘व्यक्ती आणि संघटना’ यांच्या बेकायदेशीर कृत्यांना आळा घालण्याची भाषा होती. ती बदलून रोख कडव्या डाव्या विचारसरणीच्या किंवा तत्सम संघटनांवर आणला गेला. दुसरा बदल सल्लागार मंडळाचा. सरकारने एखादी संघटना बेकायदेशीर ठरवली की तो निर्णय या मंडळासमोर ठेवावा लागतो. उच्च न्यायालयाचे कार्यरत किंवा निवृत्त न्यायाधीश या मंडळाचे अध्यक्ष असतील, आणि सोबत निवृत्त जिल्हा न्यायाधीश व उच्च न्यायालयातले सरकारी वकील असतील, असं ठरलं. तिसरा बदल तपासाचा: मूळ मसुद्यात पोलीस उपनिरीक्षक तपास करू शकत होता, समितीने तो उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नेला.

तिसरा बदल किरकोळ वाटेल, पण तसा नाही. कोणत्या दर्जाच्या माणसाने सही करायची, परवानगी आधी घ्यायची की नंतर, हे खंड न्यायालयात फार वजनदार ठरतात. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑक्टोबर २०२२ मध्ये माओवाद्यांशी संबंध असल्याच्या आरोपाखाली दोषी ठरलेले प्रा. जी. एन. साईबाबा आणि इतरांना सोडलं, ते बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटल्याला दिलेली मंजुरी सदोष होती या कारणावर. सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बाजूला ठेवून प्रकरण परत पाठवलं, आणि ५ मार्च २०२४ ला याच खंडपीठाने पुन्हा सर्वांची निर्दोष मुक्तता केली. मंजुरीतला दोष आणि पुराव्याचा अभाव ही दोन्ही कारणं त्यात होती. तोवर साईबाबांची अनेक वर्षं नागपूर मध्यवर्ती कारागृहात गेली होती. त्या खटल्याबद्दल कोणाचं मत काहीही असो, कार्यपद्धतीचा एक खंड आरोपीच्या आणि पोलिसांच्या, दोघांच्याही दृष्टीने किती निर्णायक असतो ते यातून दिसतं. समितीतल्या आमदाराने सर्वात जास्त वेळ द्यावा तो अशा खंडांना.

आणि त्याहून जास्त व्याख्यांना. विधेयकातल्या ‘बेकायदेशीर कृत्य’ या व्याख्येत सार्वजनिक सुव्यवस्थेला, शांततेला धोका निर्माण करणारी कृती येते. सुव्यवस्था राखण्याच्या कामात हस्तक्षेप करणारी किंवा तसा ‘कल’ असलेली कृती येते. प्रस्थापित कायदा आणि संस्था यांची अवज्ञा करायला प्रोत्साहन देणंही येतं. आक्षेप घेणाऱ्या संघटनांचा मुख्य भर इथेच होता. प्रस्तावना अरुंद केली तरी व्याख्या रुंद राहिली तर काय, हा त्यांचा प्रश्न. माझ्या मते तो रास्त आहे. न्यायालय व्याख्येची भाषा अस्पष्ट असेल तेव्हाच प्रस्तावनेकडे वळतं. शिक्षा मात्र व्याख्येवरून होते.

‘सार्वजनिक सुव्यवस्था’ म्हणजे नेमकं काय, याचं देशातलं सर्वाधिक उद्धृत होणारं स्पष्टीकरण ज्यांनी दिलं, ते न्यायमूर्ती नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले होते: मोहम्मद हिदायतुल्ला. १९५४ मध्ये ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि १९६८ मध्ये देशाचे सरन्यायाधीश. १९६५ मध्ये डॉ. राममनोहर लोहिया यांना पाटण्यात भारत संरक्षण नियमांखाली स्थानबद्ध केलं गेलं. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या आदेशात कारण होतं ‘सार्वजनिक सुरक्षितता आणि कायदा व सुव्यवस्था’. नियमात मात्र शब्द होता ‘सार्वजनिक सुव्यवस्था’. सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने लोहियांची सुटका केली. हिदायतुल्लांनी निकालात एकात एक अशी तीन वर्तुळं कल्पायला सांगितली. सर्वात मोठं वर्तुळ कायदा व सुव्यवस्थेचं, त्याच्या आत सार्वजनिक सुव्यवस्थेचं, आणि सर्वात आतलं, सर्वात लहान, राज्याच्या सुरक्षिततेचं. कायदा मोडणारं प्रत्येक कृत्य पहिल्या वर्तुळात येतं, पण म्हणून ते दुसऱ्यात येतंच असं नाही.

इतवारीत गाडी लावण्यावरून दोन दुकानदारांची मारामारी झाली तर तो पहिल्या वर्तुळातला मामला आहे. १७ मार्च २०२५ ला नागपूरच्या महाल भागात हिंसाचार उसळला आणि शहराच्या अनेक भागांत संचारबंदी लागली. तिथे समाजाचं रोजचं जगणंच थांबलं, म्हणून तो दुसऱ्या वर्तुळातला. आणि जांभुळखेड्याचा स्फोट थेट तिसऱ्यातला. आता परवानगीच्या जागेपुढे दहा पावलं गेलेला, रस्ता तासभर अडवणारा अंगणवाडी सेविकांचा मोर्चा कुठे बसतो? हिदायतुल्लांची कसोटी लावली तर पहिल्याच वर्तुळात. पण कायद्याच्या मजकुरात नुसत्या ‘कल असलेल्या’ कृतीचाही समावेश असेल, तर ते वर्तुळ आधी पोलीस ठाण्यात आखलं जातं आणि न्यायालयात पोहोचेपर्यंत महिने जातात. संघटना स्थापन करण्याच्या मूलभूत हक्कावर सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी वाजवी निर्बंध घालायला घटनेचं अनुच्छेद १९ परवानगी देतंच. ‘वाजवी’ हा शब्द सांभाळणं हे समितीचं काम.

याच शहराने सुव्यवस्थेच्या नावाखाली झालेली सर्वात मोठी मनुष्यहानीही पाहिली आहे. २३ नोव्हेंबर १९९४ ला गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनाकडे निघाला होता. पोलीस कारवाईनंतर चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसं गेली, त्यात स्त्रिया आणि लहान मुलं मोठ्या संख्येने होती. सीताबर्डीतलं गोवारी शहीद स्मारक त्यांचंच आहे. जनसुरक्षेवरच्या कोणत्याही विधेयकाची चर्चा करताना मला हा दिवस आठवतो, कारण त्या दिवशी ज्यांना सुरक्षा मिळायला हवी होती ते मोर्च्यात चालत होते.

समिती म्हटली की सगळं सुरळीत होतं असंही नाही. नागपूर जिल्ह्याशीच जोडलेलं दुसरं उदाहरण म्हणजे शक्ती विधेयक. स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांना कठोर शिक्षा आणि जलद तपास यासाठी ते डिसेंबर २०२० मध्ये मांडलं गेलं. करोनामुळे ते हिवाळी अधिवेशन मुंबईत झालं होतं. ते मांडणारे तत्कालीन गृहमंत्री, काटोलचे आमदार अनिल देशमुख हेच संयुक्त समितीचे अध्यक्ष झाले. पुढे त्यांच्या जागी दिलीप वळसे पाटील आले. मूळ मसुद्यात तपास १५ दिवसांत पूर्ण करायची अट होती. ती ऐकायला जोरकस, पण न्यायवैद्यक अहवालच तेवढ्या वेळात येत नसेल तर तपास घाईत उरकला जाण्याची भीती होती आणि त्याचा फायदा आरोपीलाच झाला असता. समितीने ती मुदत ३० दिवस केली. डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी विधेयक मंजूर केलं.

आणि तरीही शक्ती कायदा लागू झाला नाही. इथे घटनेतल्या तीन याद्या कळाव्या लागतात. ‘सार्वजनिक सुव्यवस्था’ आणि ‘पोलीस’ हे विषय राज्यसूचीत आहेत. त्यांवर विधानमंडळ स्वतःच्या बळावर कायदा करू शकतं. फौजदारी कायदा आणि फौजदारी प्रक्रिया मात्र समवर्ती सूचीत आहेत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत. राज्याचा कायदा केंद्राच्या कायद्याशी विसंगत असेल तर तो राज्यात टिकण्यासाठी अनुच्छेद २५४ प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते. शक्ती विधेयक भारतीय दंड संहितेत बदल करणारं होतं, म्हणून ते राज्यपालांमार्फत दिल्लीला गेलं आणि तिथेच राहिलं. १ जुलै २०२४ पासून देशभर भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि ज्या संहितेत दुरुस्ती करायची होती तीच मागे पडली. समितीने एवढं काम केलं, पण ही अडचण तिच्या हातातली नव्हती. समिती खंड सुधारू शकते. विधेयकाचं मूळ तत्त्व ती उलटं करू शकत नाही, आणि घटनेने आखलेली हद्द तर नाहीच.

विधान परिषदेचंही सांगायला हवं. तिच्यात ७८ सदस्य आहेत. विधानसभेने मंजूर केलेलं साधं विधेयक ती पहिल्या वेळी ३ महिने आणि विधानसभेने पुन्हा पाठवल्यावर आणखी १ महिना अडवू शकते, त्यापलीकडे नाही. शेवटचा शब्द विधानसभेचा. त्यानंतर राज्यपाल संमती देतात, विधेयक फेरविचारासाठी परत पाठवतात किंवा राष्ट्रपतींसाठी राखून ठेवतात.

मग आपण काय करायचं? विधेयक समितीकडे गेलं की समिती सूचना मागवणारी जाहीर सूचना काढते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर लहान टाइपात ती येते आणि मुदत ठरावीक असते. जनसुरक्षा विधेयकासाठी ती १ एप्रिल २०२५ पर्यंत होती. त्या मुदतीत विधानमंडळ सचिवालयाला पोहोचलेलं पत्र नोंदीत जातं. ‘हे काळं विधेयक मागे घ्या’ किंवा ‘विधेयकाला आमचा पाठिंबा’ एवढंच लिहिलेली हजारो पत्रं आली तरी मसुदाकाराच्या हाती त्यातून काही लागत नाही. त्याऐवजी खंडाचा क्रमांक लिहा. त्यातला कोणता शब्द खटकतो तो जसाच्या तसा उतरवा. त्याच्या जागी कोणता हवा ते लिहा, आणि तो नाही बदलला तर कोणावर कसा परिणाम होईल याचं आपल्या कामातलं एक खरं उदाहरण द्या. तुम्ही वकील असायलाच हवं असं नाही. ऑटोरिक्षा संघटनेचा पदाधिकारी, मोर्च्यात पाणी वाटणारा कार्यकर्ता, निवृत्त पोलीस हवालदार, महिला बचत गटाची अध्यक्ष, यांना जे माहीत असतं ते मंत्रालयातल्या मसुदाकाराला माहीत नसतं.

पत्राची एक प्रत आपल्या आमदाराला द्या, आणि समितीत आपल्या भागातला सदस्य असेल तर त्याला आवर्जून. डिसेंबरात तर सगळे आमदार इथेच, आमदार निवासात नाहीतर रवि भवनात असतात. सकाळी कामकाजाला निघण्याआधी भेटतात. अहवाल आला की मूळ विधेयक आणि सुधारित विधेयक शेजारी ठेवून वाचा. समितीने बदललेला मजकूर त्यात वेगळा दाखवलेला असतो. आपला खंड बदलला नसेल तर दुसऱ्या वाचनात त्यावर दुरुस्ती मांडायला आमदाराला सांगता येतं, पण तेव्हा हातात जेमतेम एखादा दिवस असतो. जनसुरक्षा विधेयकाचा अहवाल सभागृहात आला ९ जुलैला, आणि मतदान झालं १० जुलैला.